सीपीईचे तास, तूट आणि शिस्तभंगाची कारवाई (गोव्यातल्या सीए मंडळींसाठी)

पणजीतला_हिशेबनीस

सीपीई म्हणजे सीएंच्या संस्थेने (आयसीएआय) सक्तीचं केलेलं सततचं व्यावसायिक शिक्षण. त्याचा २०२३ ते २०२५ हा तीन वर्षांचा गट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. टॅक्स ऑडिटची धांदल ओसरते न ओसरते, तोवर जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र डोक्यावर येतं आणि त्याचीही मुदत ३१ डिसेंबरच. नेमक्या याच दिवसांत तास कमी पडल्याचं लक्षात येतं आणि फोनाफोनी सुरू होते. ‘त्या सेमिनारला माझी पण सही मार’, ‘अनस्ट्रक्चर्डचा फॉर्म भरून टाकू, कोण बघतंय’. हा धागा त्यासाठीच काढलाय. तास कसे मोजायचे, तूट राहिली तर काय करायचं आणि शिस्तभंगाची कारवाई नेमकी कुठून सुरू होते, हे एका जागी यायला हवं.

आधी त्या गटाचे आकडे. साठीच्या आतला, सीओपी (स्वतंत्र व्यवसाय करण्याचा परवाना) असलेला आणि भारतात राहणारा सदस्य असेल तर तीन वर्षांत १२० तास. त्यातले निदान ६० स्ट्रक्चर्ड (मान्य कार्यक्रमाला हजेरी लावून केलेले; अनस्ट्रक्चर्ड म्हणजे स्वतः वाचून-शिकून स्वयंघोषणेने भरलेले), आणि दर कॅलेंडर वर्षात निदान २० स्ट्रक्चर्ड झालेच पाहिजेत. उरलेले ६० कुठल्याही प्रकारचे चालतात. तरी वर्षाला एकूण ४० चा हिशेब धरूनच चालावं, शेवटच्या वर्षावर ओझं ठेवू नये. नोकरीत असलेल्या, सीओपी न घेतलेल्या सदस्याला तीन वर्षांत ६०, म्हणजे वर्षाला २० धरा. ज्या वर्षी सदस्यत्व पहिल्यांदा मिळालं त्या वर्षापुरती नव्या सदस्याला सूट असते. साठी ओलांडलेल्या आणि सीओपी नसलेल्यांनाही सूट आहे. पण साठीनंतर सीओपी चालू ठेवलेले ज्येष्ठ सुटत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा आकडा आहे, तो सीपीई पोर्टलवर आपल्या नावासमोर दिसतो.

सगळ्यात जास्त गोंधळ वर्षाचा होतो. आपलं सगळं काम एप्रिल ते मार्च चालतं, सीपीईचं वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर. फेब्रुवारीत केलेला सेमिनार आदल्या एप्रिलपासूनच्या वर्षात धरून बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

दुसरा गोंधळ बेरजेचा. समजा एकाचे २०२३ मध्ये ४५ स्ट्रक्चर्ड झाले, २०२४ मध्ये ८ आणि २०२५ मध्ये ३०. बेरीज ८३, म्हणजे साठच्या बरीच वर. तरी २०२४ ची १२ तासांची तूट तशीच राहते, कारण वार्षिक किमान अट वेगळी तपासली जाते. आदल्या वर्षीचे जादा तास पुढच्या वर्षाच्या किमान अटीत धरत नाहीत आणि गट संपला की उरलेले तास पुढच्या गटात जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. तास कमी पडणं आणि गैरवर्तन ठरणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर बहुतेक वेळा सदस्य स्वतःच्या पायांनी चालून जातो. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या दोन्ही अनुसूची एकदा शांतपणे वाचा. पहिल्या अनुसूचीच्या तिसऱ्या भागात दुसरा खंड आहे: संस्थेने, तिच्या कौन्सिलने (कारभारी मंडळाने), कुठल्याही समितीने किंवा संचालक (शिस्त) यांनी मागितलेली माहिती न देणं, सांगितलेली पूर्तता न करणं. म्हणजे तुटीबद्दल पत्र आलं आणि ते टेबलावर पडून राहिलं, तर तुटीपेक्षा मौनाचाच वेगळा ठपका बसू शकतो. दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात पहिला खंड कायदा, विनियम आणि कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचनांच्या भंगाचा आहे. तिसरा खंड त्याहून जड: खोटं आहे हे माहीत असताना संस्थेला दिलेली माहिती, विवरण, फॉर्म. न वाचलेल्या वाचनाचे वीस तास स्वयंघोषणेत भरणं सरळ या खंडात बसतं.

अनुसूची कुठली यावर पुढचं सगळं अवलंबून. पहिल्या अनुसूचीचं प्रकरण बोर्ड ऑफ डिसिप्लिनकडे जातं. तिथे ताकीद, तीन महिन्यांपर्यंत सदस्यांच्या नोंदवहीतून नाव काढणं आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड, अशी मूळ तरतूद. दुसऱ्या अनुसूचीचं, किंवा दोन्हींचं मिळून असलेलं, डिसिप्लिनरी कमिटीकडे. तिथे नाव कितीही काळासाठी किंवा कायमचं काढता येतं आणि दंड ५ लाखांपर्यंत. २०२२ च्या दुरुस्ती कायद्यात या मर्यादा वाढवल्या आहेत. पण त्यातली सगळी कलमं एका दिवशी अमलात आलेली नाहीत, तेव्हा आपल्या प्रकरणाला कुठला आकडा लागू ते अधिसूचना पाहूनच ठरवा.

म्हणजे बारा तासांची तूट झाकायला भरलेला खोटा फॉर्म माणसाला तीन महिन्यांच्या मर्यादेतून उचलून ‘कायमचं’ या शब्दापर्यंत नेऊ शकतो. हे समजून घेतलं तरी अर्ध्या भानगडी टळतील.

रुजवात

उत्तम धागा. मी पोर्टलच्या हिशेबाबद्दल लिहितो, कारण कित्येक ‘तुटी’ मुळात तुटी नसतातच, नोंदीच्या चुका असतात.

बँकेची रुजवात करतो तशीच ही करायची. एका बाजूला आपली वही: कार्यक्रमाची तारीख, आयोजक, विषय, पत्रकात जाहीर झालेले तास, स्ट्रक्चर्ड की अनस्ट्रक्चर्ड, नोंदणीची पावती. दुसऱ्या बाजूला पोर्टलवरचा तपशील. ओळीला ओळ लावायची. फरक बहुतेक चार ठिकाणी निघतो.

पहिलं, सदस्यत्व क्रमांक. तो सहा आकडी. हजेरीपटावर घाईत लिहिलेला १ आणि ७ किंवा ३ आणि ८ एकसारखे दिसतात आणि तास दुसऱ्याच सदस्याच्या नावावर चढतात. हजेरी नोंदवताना आपला आकडा स्वतः, सुटा सुटा लिहा.

दुसरं म्हणजे येताना सही केली आणि जाताना राहिली. दुपारच्या जेवणानंतर निघून गेलेल्याला पूर्ण दिवसाचे सहा तास मिळत नाहीत आणि मिळूही नयेत.

तिसरं, ऑनलाइन सभा. लॉगिनमध्ये घरच्या कुणाचं तरी नाव किंवा मोबाइल कंपनीचं नाव दिसत असतं. आयोजकाने हजेरी जुळवायची कशी? नाव आणि सदस्यत्व क्रमांक असंच लॉगिन करा. पावसाळ्यात वीज जाते, जोडणी तुटते, पुन्हा आत येताना दुसऱ्या नावाने येऊ नका. मधे येणारे प्रश्न किंवा मतचाचणी असते, तिला उत्तर दिलं नाही तर तुम्ही तिथे होता याचा पुरावा उरत नाही.

चौथं, आयोजकाने हजेरी चढवलीच नाही किंवा उशिरा चढवली. इथे पाठपुरावा आठवडाभरात करायचा. वर्षभरानंतर आयोजक समितीच बदललेली असते, हजेरीपट कुठल्या कपाटात आहे ते कुणालाच माहीत नसतं.

संस्थेच्या स्थानिक शाखेला ईमेल करताना ‘माझे तास दिसत नाहीत’ एवढंच लिहू नका. कार्यक्रमाचं नाव, तारीख, स्थळ, नोंदणी क्रमांक, सदस्यत्व क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती एकाच ईमेलमध्ये द्या. पोचपावती जपून ठेवा. पुढे कधी विचारणा झालीच, तर चूक आपण वेळेत कळवली होती हे त्याच कागदावरून दिसतं.

मीनल_म्हापसा

अनस्ट्रक्चर्डबद्दल जरा सविस्तर लिहाल का? स्वयंघोषणाच असते, मग पुरावा काय ठेवायचा? ऑफिसात रोज परिपत्रकं वाचतोच की आपण. ते सगळं वाचन धरायचं का?

पणजीतला_हिशेबनीस

मीनलताई, प्रश्न बरोबर आहे. वाचन, लेख लिहिणं, गटचर्चा, शिकवणं अशा गोष्टी स्वयंघोषणेने पोर्टलवर भरता येतात. पण स्वयंघोषणा म्हणजे पुराव्यातून सुटका नव्हे. आपण अशीलांच्या स्वतःच्या व्हाउचरबद्दल जे म्हणतो तेच इथे आपल्याला लागू.

वाचनाची नोंद त्याच दिवशी ठेवायची: तारीख, काय वाचलं, किती वेळ, आणि दोन ओळी टिपण. उदाहरणार्थ ‘२२ सप्टेंबर २०२५ पासूनचे जीएसटीचे नवे दर, हॉटेलच्या खोल्या, दीड तास. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतची खोली १२ वरून ५ टक्क्यांवर, पण इनपुट क्रेडिट नाही. कळंगुट-कांदोळीच्या अशीलांची आधी घेतलेली क्रेडिट तपासायची.’ एवढं टिपण असलं की ते वाचन खरं झालं हे कुणालाही पटतं. ३१ डिसेंबरच्या रात्री एका बैठकीत साठ तासांचा तक्ता बनवला, की सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच भाषेत, गोल आकड्यांत येतात. ऑडिट करणाऱ्या माणसाला अशी वही ओळखायला वेळ लागत नाही, आणि विचारणारेही आपल्याच धंद्यातले असतात.

रोजच्या कामातलं चाळणं मी धरणार नाही. एखादं परिपत्रक अशीलाला उत्तर देण्यासाठी उघडलं तर ते काम झालं, शिक्षण नाही. विषय ठरवून बसलात, टिपण काढलंत, तर धरा.

व्यापारी_म्हापसा

मी सीए नाही, दुकानदार आहे. आमच्या सीएंचे हे तास अपुरे असले तर त्यांनी सही केलेला आमचा ऑडिट रिपोर्ट बाद होतो का? बँकेत कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला तो दिलेला आहे.

रुजवात

नाही, तेवढ्याने बाद होत नाही. सही करण्याच्या दिवशी ते सदस्य होते का, सीओपी चालू होती का, एवढं तुमच्यासाठी महत्त्वाचं. त्यासाठी रिपोर्टवरचा युडीआयएन (सही केलेल्या प्रत्येक कागदाचा वेगळा ओळख क्रमांक) पाहा. अठरा अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सदस्यत्व क्रमांकाचे, उरलेली दहा अक्षरं-आकडे यंत्राने दिलेले. युडीआयएन पोर्टलवर तो कुणालाही पडताळता येतो. प्रमाणपत्रांना १ फेब्रुवारी २०१९ पासून, टॅक्स ऑडिटला १ एप्रिल २०१९ पासून आणि बाकीच्या ऑडिटना १ जुलै २०१९ पासून तो सक्तीचा आहे. सही झाल्यावर ६० दिवसांपर्यंत तयार करता येतो, म्हणून रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी दिसला नाही तर लगेच संशय घेऊ नका, पण विचारा जरूर. पडताळताना दिसणारे आकडे, म्हणजे उलाढाल वगैरे, तुमच्या रिपोर्टमधल्याशी जुळतात का तेही बघा.

कोलव्याचा_मोहन

इथे एक घोटाळा नेहमी होतो म्हणून लिहितो. ‘नाव काढलं’ असं कानावर आलं की लोक शिस्तभंगच समजतात. वार्षिक वर्गणी १ एप्रिलला देय होते आणि ३० सप्टेंबरपर्यंत भरायची असते. ती चुकली तर सदस्यत्वाच्या नोंदवहीतून नाव निघू शकतं, सीओपी रद्द होऊ शकते. यात चौकशी नाही, ठपका नाही. वर्गणी भरून, अर्ज करून नाव पुन्हा घालता येतं. पण परिणाम तितकाच कडक. मधल्या दिवसांत सही करता येत नाही आणि युडीआयएनही निघत नाही. चवथीच्या आसपास, टॅक्स ऑडिटच्या गर्दीत, वर्गणी राहून जाते आणि ऑक्टोबरात युडीआयएन पोर्टल अडतं तेव्हा कळतं. वर्गणी एप्रिल-मेमध्येच भरून मोकळं व्हावं.

केपेंकर

सगळं पटतं, पण दक्षिणेकडच्यांचंही ऐका. कार्यक्रम बहुतेक पणजीत, फार तर मडगावात. काणकोणहून पणजी सत्तरेक किलोमीटर. एकट्याने ऑफिस चालवणारा, हाताखाली एखादा आर्टिकल (शिकाऊ विद्यार्थी), त्याने सकाळी साडेनऊच्या नोंदणीला पोचायचं म्हणजे तो दिवस पूर्ण गेला. पुन्हा विषय बघाल तर मोठ्या कंपन्यांचे. आमचे अशील म्हणजे नारळ-सुपारीचे व्यापारी, सहकारी पतसंस्था, देवस्थानं, होमस्टेवाले. तिथे इंड-एएस (मोठ्या कंपन्यांची हिशेब-मानकं) घेऊन काय करायचं? तास भरायचे म्हणून बसायचं, असं होतं आणि तिथूनच सही मारून निघण्याची सवय लागते.

चिखलीकर

केपेंकर बाब, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते शाखेकडे लेखी जायला हवं, कारण कार्यक्रमाचे विषय आपण सुचवले तरच बदलतात. गोव्याला खास लागणारे विषय इतके आहेत की वर्षाचे २० तास त्यावरच भरतील.

आयकर कायद्याचं कलम ५अ घ्या. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या पतीपत्नींचं उत्पन्न, पगार सोडून, प्रत्येक शीर्षाखाली निम्मं निम्मं वाटायचं. ऐकायला सोपं, भरताना दरवर्षी चुकतं. पगारही वाटून टाकतात. जोडीदाराचं उत्पन्न निम्मं दाखवतात, पण टीडीएस पूर्ण एकाच्याच विवरणपत्रात ठेवतात, मग २६एएसशी (आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या तक्त्याशी) जुळत नाही आणि परतावा अडकतो. विवरणपत्रातली अनुसूची ५अ भरतच नाहीत. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेल्या जोडप्यालाही हेच लावतात, खरं तर त्यांना ते लागू नाही. त्यात १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू, त्यात सगळे कलम-क्रमांक वेगळे. नुसत्या जुन्या सवयीवर विवरणपत्रं भरणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको.

हॉटेलांच्या दराबद्दल वर आलंच आहे. कॅसिनोंच्या हिशेबात जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. सहकारी संस्थांचं ऑडिट गोव्याच्या २००१ च्या सहकार कायद्याखाली चालतं, ते महाराष्ट्राच्या पुस्तकावरून करून चालत नाही. असा एकेक विषय घेऊन मडगाव-कुडचडे भागात अभ्यासमंडळ उभं राहिलं तर पणजीला यायची गरजच कमी होईल.

आणि हे केवळ तासांपुरतं नाही. दुसऱ्या अनुसूचीच्या पहिल्या भागातला सातवा खंड योग्य दक्षता न घेण्याबद्दल आहे. ऑडिटच्या तक्रारींत तो वारंवार लागतो. कायदा बदलला हे माहीतच नव्हतं, हा बचाव त्यापुढे टिकत नाही.

पणजीतला_हिशेबनीस

केपेंकर, वेळेबद्दल एक सांगतो. आपल्या वर्षात मोकळी जागा दोनच: जानेवारी-फेब्रुवारी, आणि बँकांच्या शाखा-ऑडिटनंतर म्हणजे मे ते जुलै. ऑगस्टपासून टॅक्स ऑडिट, चवथ, ३० सप्टेंबरची मूळ मुदत, त्याच दिवसापर्यंत कंपन्यांच्या वार्षिक सभा, मग ३० दिवसांत एओसी-४ (कंपनीचे वार्षिक हिशेब दाखल करायचा फॉर्म). मुदतवाढ मिळाली की तेच सगळं नोव्हेंबरात सरकतं. वीस स्ट्रक्चर्ड तास जुलैअखेर झाले नाहीत तर ते डिसेंबरातच होतात, असं धरून चाला. मेमध्ये दोन पूर्ण दिवसांचे सेमिनार केले तर बारा झाले. उरलेले आठ ऑनलाइन सभांमधून जूनमध्ये, पावसात घरी बसून होतात. नोंदणीआधी पत्रक मात्र नीट वाचा. तास स्ट्रक्चर्ड आहेत की अनस्ट्रक्चर्ड, किती आहेत, ते त्यावर लिहिलेलं असतं. खासगी क्लासचा वेबिनार कितीही चांगला असला तरी तो स्ट्रक्चर्ड म्हणून आपोआप धरला जात नाही.

अस्नोडेकर

समजा सगळं करूनही प्रकरण तक्रारीपर्यंत पोचलंच, तर पुढचा रस्ता लिहितो. घाबरलेली माणसं पहिल्या तीन आठवड्यांतच सगळं बिघडवतात.

प्रक्रिया २००७ च्या नियमांखाली चालते. तक्रार फॉर्म-१ मध्ये येते. निनावी पत्रावर कारवाई होत नाही, पण माहितीच्या आधारे डायरेक्टोरेट (संचालक-शिस्त यांचं कार्यालय) स्वतःहून प्रकरण हाती घेऊ शकतं. तक्रारीची प्रत तुम्हाला मिळाली की लेखी निवेदनाला २१ दिवस. वाढीव वेळ मागता येतो, तो जास्तीत जास्त ३० दिवस. ही मागणी २१ दिवस संपायच्या आत करायची, कारण देऊन करायची. ‘कामाची गर्दी’ हे कारण देऊ नका. कागद कुठून यायचे आहेत, कधी येतील, ते लिहा. काहीच पाठवलं नाही तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरून प्रकरण पुढे जातं.

पाकीट आलं त्या दिवसाची तारीख त्यावरच लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पोर्टलवरचा तासांचा तपशील छापून घ्या, नंतर नोंदी बदलल्या तर त्या दिवशी काय दिसत होतं ते हातात असावं. निवेदनात प्रत्येक आरोपाला क्रमांकानिशी उत्तर द्या. चार पानं शिक्षण, घराणं आणि समाजसेवा लिहून पाचव्या पानावर मुद्द्याला येणारी निवेदनं वाचणाऱ्याला मुद्दा सापडत नाही. तूट खरी असेल तर ती मान्य करा: कुठल्या वर्षात किती, का राहिली, त्यानंतर किती तास केले. आजारपण असेल तर हॉस्पिटलचे कागद जोडा. नोंदीची चूक असेल तर रुजवात यांनी सांगितलेला तक्ता जोडा. जोडपत्रांना क्रमांक, प्रत्येकावर सही, आणि मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेख. स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही.

मागच्या तारखेचा एकही कागद बनवू नका. बारा तासांच्या तुटीच्या प्रकरणात बनावट हजेरी-प्रमाणपत्र जोडलं, की तुमच्या हाताने प्रकरण पहिल्या अनुसूचीतून दुसरीत गेलं.

तुमच्या निवेदनावर तक्रारदाराला प्रत्युत्तर द्यायची संधी मिळते. मग संचालक (शिस्त) प्रथमदर्शनी मत बनवतात. दोष दिसत नाही असं मत झालं तरी प्रकरण तिथल्या तिथे संपत नाही. ते बोर्डापुढे जातं, बोर्ड ते बंद करू शकतं किंवा आणखी चौकशी सांगू शकतं. दोष दिसतो असं मत झालं तर अनुसूचीप्रमाणे बोर्डाकडे किंवा कमिटीकडे सुनावणी. प्रथमदर्शनी मत म्हणजे शिक्षा नव्हे, सुनावणीत तुम्हाला पूर्ण संधी असते. म्हणून ते मत हातात आल्यावर लगेच अशीलांना फोन करत सुटू नका.

मीनल_म्हापसा

आणि ‘माझी पण सही मार’ प्रकारात दोष कुणाचा? जो गैरहजर त्याचा, की ज्याने सही केली त्याचा?

अस्नोडेकर

दोघांचा. गैरहजर माणसाने न केलेल्या तासांचा लाभ घेतला. सही करणाऱ्याने संस्थेच्या नोंदीत खोटं घातलं आणि त्याला स्वतःला त्यातून एक तासही मिळाला नाही. आयोजकाने माहीत असून ती हजेरी चढवली तर तोही मोकळा राहत नाही. अशी विनंती आली तर मित्राला एकच सांगावं: तुझी तूट भरून निघेल, हे भरून निघणार नाही. आयोजकांनी नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक बसवावा, एका माणसाला एकच सही करू द्यावी आणि निघतानाचा पट वेगळा ठेवावा.

कॉस्टवाला_वास्को

कॉस्ट अकाउंटंट मंडळींनीही हा धागा आपल्यासाठीच समजावा. आपला १९५९ चा कायदा वेगळा, सततच्या शिक्षणाच्या तासांचे आकडे वेगळे, पण शिस्तीचा ढाचा बराचसा तोच: संचालक (शिस्त), बोर्ड, कमिटी, दोन अनुसूची. २०२२ ची दुरुस्तीही सीए, कॉस्ट आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) या तिन्ही कायद्यांना एकत्रच केलेली आहे.

केपेंकर

अस्नोडेकर, एक शंका. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तर? गोवा लहान. एकमेकांना ओळखणारी माणसं, कुणी तरी मध्ये पडतं, दोघांना बसवतं, मिटतं. मग?

अस्नोडेकर

आपापसात मिटलं म्हणून प्रकरण मिटत नाही. मागे घेण्याचं पत्र बोर्डापुढे किंवा कमिटीपुढे ठेवलं जातं आणि परवानगी द्यायची की नाही ते तेच ठरवतात. तोवर तारखांना हजर राहायचं, मागितलेले कागद द्यायचे. ‘मिटलंय’ म्हणून उत्तर देणं थांबवलं तर पहिल्या अनुसूचीच्या तिसऱ्या भागातला, माहिती न देण्याचा तो दुसरा खंड पुन्हा उभा राहतो. मध्यस्थाला घेऊन तक्रारदाराच्या घरी जाणं तर टाळाच. उद्या तक्रारदारच दबाव आणला असं लिहून देऊ शकतो.

चिखलीकर

अपिलाबद्दलही लिहा. लोक थेट पणजीला हायकोर्टात धावतात.

अस्नोडेकर

बोर्डाच्या किंवा कमिटीच्या आदेशाविरुद्ध चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या कलम २२जी खाली अपील प्राधिकरणाकडे जायचं. मुदत ९० दिवस, आणि ती आदेश तुम्हाला कळवल्याच्या दिवसापासून, आदेशावरच्या तारखेपासून नव्हे. संचालकांचं प्रथमदर्शनी मत म्हणजे आदेश नाही, त्याविरुद्ध हे अपील होत नाही. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नये. नाव काढण्याचा आदेश असेल तर अपिलासोबत स्थगितीचा अर्जही त्याच वेळी द्या. नुसतं अपील दाखल झालं म्हणून सही करायचा हक्क परत येत नाही. त्या काळात चालू असलेल्या ऑडिटांची यादी काढून अशीलांना लेखी कळवा, नव्या ऑडिटरला लागणारे वर्किंग पेपर्स नीट लावून ठेवा. आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट, पोस्टाच्या शिक्क्यासकट, फाइलला लावा. ९० दिवस कुठून मोजायचे हा वाद निघाला तर तोच कागद कामाला येतो.